साने गुरुजी : मुलांसाठी लिहिणारा माणूस

स्मरणिका हाती पडली की आपण सर्वप्रथम काय पाहतो? गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत आपल्या मुलाचे नाव आहे की नाही, ते. मग छायाचित्रे, मग अहवाल आणि शेवटी आपल्या इतवारीतील व्यापारी बंधूंच्या शुभेच्छांच्या जाहिराती. यात गैर काहीच नाही. मीही तेच करतो. या सर्वांच्या मधल्या चार पानांत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा आपला जुना प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले आणि कोणाचे चरित्र लिहावे हे ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही. तो निर्णय एका पालकांनीच नकळत करून टाकला होता.

घडले ते असे. किराणा ओळीत दुकान असलेले एक गृहस्थ एके दिवशी वाचनालयात आले. त्यांचा मुलगा सातवीत. शाळा सुटली की तो दुकानात गल्ल्याशेजारी बसतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हिशेबाच्या वहीखाली गोष्टीचे पुस्तक ठेवून तो वाचतो, आणि परवा तर वाचता वाचता गिऱ्हाइकासमोर त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. गृहस्थांना राग आला होता, आणि त्याहून अधिक संकोच वाटला होता. शाळेने मुलांना अभ्यासाची पुस्तके द्यावीत. दोन मित्रांच्या आणि आईमुलाच्या गोष्टी वाचून कोणाचे पोट भरले आहे, असा त्यांचा प्रश्न होता. पुस्तक होते ‘श्यामची आई’. मी त्यांना चहा पाजला, पण उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. पुढील मजकूर हेच ते उत्तर आहे, असे त्यांनी आणि आपणही समजावे.

‘श्यामची आई’ लिहिणारे पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. कोकणातला खोत म्हणजे आपल्या नागपुराकडील मालगुजारासारखा. गावचा सारा गोळा करणारा, गावात ज्याचा शब्द चालतो असा. आजोबांच्या काळी घरात सुबत्ता होती. वडील सदाशिवराव यांच्या हाती घर आले तेव्हा मात्र कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि भाऊबंदकी यांनी ते पोखरून निघाले होते. होता होता राहते घरही गेले. मोठ्या घरातून झोपडीवजा घरात येणे काय असते, हे पांडुरंगाने अगदी न कळत्या वयात पाहिले. आपल्या इतवारीत चढती दुकाने आणि उतरती दुकाने आपण रोज पाहतो. पेढी बुडालेल्या घरातील मूल शाळेत कसे मान खाली घालून बसते, हे माझ्यासारख्या शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

अशा घरात जे टिकून राहिले ते आई यशोदाबाईंमुळे. ही बाई काही शिकलेली नव्हती. व्रतवैकल्ये करणारी, सोवळेओवळे पाळणारी, त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरातील गृहिणी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांहून ते घर फार निराळे आहे, आणि आपली मुले ते पुस्तक वाचतात तेव्हा तुळशीवृंदावन म्हणजे काय आणि सोवळे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे लागते. पण विचारणे तेथेच थांबते. पुढे जे येते त्याला शब्दकोश लागत नाही. मुलगा पाण्याला भिऊन माळ्यावर लपून बसतो, तेव्हा हीच प्रेमळ आई हातात शिपटी घेते आणि त्याला विहिरीवर पोहायला धाडते. आणि तो पोहून आल्यावर त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिचाच जीव कासावीस होतो. फुले गोळा करण्याच्या चढाओढीत मुलगा न उमललेल्या कळ्या तोडून आणतो, तर ती त्याला फुलू न दिलेल्या कळीचे दुःख समजावून सांगते. भाजीत मीठ घालायला ती विसरते आणि घरातील कर्ता पुरुष चकार शब्द न बोलता ती अळणी भाजी जेवून उठतो, कारण जिने ती खपून केली तिला वाईट वाटू नये. स्वतः जेवायला बसल्यावर तिला ते कळते आणि ती हळहळते. वाचकहो, एवढीच ती गोष्ट. परंतु कोणत्या घरात भाजी अळणी झालेली नाही, आणि त्या वेळी कोण काय बोलले, हे आपण प्रत्येकाने आपल्या मनाला विचारून पाहावे.

गावात शिक्षणाची सोय थोडी, म्हणून पांडुरंग दापोलीला आत्याकडे राहून मिशन शाळेत शिकू लागला. त्या काळची एक हकीकत त्याने पुढे पुस्तकात लिहिली आहे. धाकट्या भावाला अंगात घालायला धड कोट नव्हता आणि घरात नवा शिवायला पैसा नव्हता. या मुलाने खाऊला मिळालेले पैसे साठवून ठेवले, त्याचे कापड घेतले, दापोलीच्या शिंप्याकडून कोट शिवून घेतला आणि गणेशचतुर्थीला भर पावसात, ओढे-नाले ओलांडीत पालगड गाठले. आईने आधी पैसे कोठून आले याची चौकशी केली आणि मगच तिने त्याला जवळ घेतले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आजकाल मुलाने काही आणले की आपण आनंदून जातो, चौकशीचे राहूनच जाते. असो.

पुढे दापोलीचाही खर्च झेपेना. सातारा बाजूला औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून हा मुलगा एकटाच तिकडे गेला. परका मुलूख, ओळखीचे कोणी नाही, हाताने शिजवून खावयाचे आणि कधी तेही नाही. औंधला प्लेग आला तेव्हा तेथूनही निघावे लागले, आणि पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात उरलेले शिक्षण झाले. या सर्व वर्षांत तो तगला तो कशावर? नुसत्या हुशारीवर नव्हे. तो तगला मित्रांवर. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ ही त्यांची पुढची पुस्तके आपण वाचली तर दिसेल की त्यांत खरा नायक एकटा श्याम नाहीच. त्याचा मित्र राम आहे, सोबतची इतर मुले आहेत, आणि उपाशी मित्राला कळू न देता जेवू घालणारी घरे आहेत. मैत्रीत रुसवा आहे, मत्सर आहे, मित्राने आपल्याशी बोलावे म्हणून रात्ररात्र जागणे आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला मित्र म्हणजे काय असतो, हे मोठी माणसे विसरून जातात. गुरुजी ते कधी विसरले नाहीत. हीच त्यांची शक्ती, आणि पुढे पाहाल तर हेच त्यांचे दुःखही.

पुण्यात शिकत असताना, २ नोव्हेंबर १९१७ रोजी, पालगडला आई गेली. मुलगा जवळ नव्हता. तो पोहोचला तेव्हा सर्व संपले होते. तो अठरा वर्षांचाही नव्हता. ही एक रुखरुख त्यांच्या मनात कायमची राहिली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या हातून जे काही लिहून झाले त्याचे मूळ या न झालेल्या भेटीत आहे. आईला शेवटी जे सांगावयाचे राहिले ते ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना सांगत राहिले.

पुण्यातच त्यांनी बी.ए. आणि एम.ए. केले. नंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते गेले, पण तेथे त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाले. ती शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. शाळेबरोबर छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. येथे मला थोडे थांबू द्या, कारण आपण सर्व शिक्षणाच्या कामातली माणसे आहोत आणि ही सहा वर्षे आपल्या कामाची आहेत.

छात्रालय म्हणजे काय, हे बोर्डिंगात राहिलेल्यांना ठाऊक आहे. घंटा, हजेरी, शिक्षा आणि पातळ वरण. साने गुरुजींनी तेथे काय केले? मुले शाळेत गेली की हा एम.ए. झालेला शिक्षक त्यांच्या खोल्या झाडी, अस्ताव्यस्त अंथरुणांच्या घड्या करी, कोणाचे धोतर पडले असेल तर धुऊन वाळत टाकी, कंदिलाच्या काचा पुसून ठेवी. ओरडून काही सांगायचे नाही. दोन-चार दिवसांनी मुलांनाच लाज वाटे आणि ती आपली कामे आपण करू लागत. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र रात्र बसत. ज्यांची आई दूर खेड्यात आहे अशा मुलांना आईची उणीव भासू नये, असा त्यांचा प्रयत्न असे. आणि आई जवळ नसणे म्हणजे काय, हे त्यांच्याहून कोणाला अधिक माहीत असणार?

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी सुरू केलेले ‘छात्रालय’ दैनिक. हे छापलेले नव्हते. गुरुजी स्वतः रात्री जागून ते हाताने लिहीत आणि सकाळी मुले वाचीत. त्यात जगातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, आणि आपल्याच छात्रालयात काल काय घडले, कोण कोणाशी भांडला, कोणी चांगले काय केले, हेही असे. संध्याकाळी प्रार्थनेनंतर गोष्टी होत. पुढे जी पुस्तके महाराष्ट्राने वाचली, त्यांचा घाट येथेच पडला. म्हणून ‘श्यामची आई’त प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. एका आश्रमात मित्रमंडळी जमते आणि श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. पुस्तक वाचताना कोणीतरी शेजारी बसून बोलते आहे असे आपल्याला वाटते, याचे कारण ते आधी बोलले गेले होते. अमळनेरच्या त्याच मुलांवरून पुढे ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी आली. तिच्यातील स्वामी म्हणजे गुरुजी स्वतःच, हे ओळखायला कोणी सांगावे लागत नाही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी शाळा सोडली. मुलांना सोडताना त्यांना फार जड गेले. पण देश हाक मारीत असता वर्गात व्याकरण शिकवीत बसणे त्यांना शक्य नव्हते. धुळे, मग दूर दक्षिणेत त्रिचनापल्ली, मग पुन्हा धुळे आणि नाशिक, असे तुरुंग झाले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही एकत्र होते. तेथे ते तमिळ शिकले आणि ‘कुरल’ हा थोर ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर एक, अशी अठरा प्रवचने दिली. विनोबा भराभर बोलत आणि गुरुजी तितक्याच भराभर लिहून घेत; त्यांचा हात होता म्हणून ती प्रवचने आज पुस्तकरूपाने उरली आहेत. आपले वर्ध्याचे विनोबा आणि रविवार, म्हणजे आपला इतवार! आपल्या भागाचे नाव ज्या वारावरून पडले त्या वाराची ही आठवण मला आवडते, म्हणून येथे नोंदविली.

आणि आता नाशिक. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार, या दिवशी त्यांनी तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली. दिवसा तुरुंगातले काम असे. कामातून उसंत मिळेल तेव्हा आणि रात्री ते लिहीत. सोमवारी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते थांबले. पाच दिवस! मराठीतले सर्वांत अधिक वाचले गेलेले पुस्तक, म्हणावे असे हे पुस्तक, पाच दिवसांत लिहून झाले. काही रात्री मागाहून बाहेर आल्यावर लिहिल्या आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्या पुस्तकात एकूण बेचाळीस रात्री आहेत.

आपण विचाराल, पाच दिवसांत पुस्तक होते तरी कसे? त्याचे उत्तर सोपे आहे. त्यात शोधून काढलेले काही नव्हते. पंधरा-सोळा वर्षे आईवाचून काढली होती, आणि सहा वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना त्या आठवणी सांगून झाल्या होत्या. तुरुंगात फक्त कागद मिळाला.

त्यानंतर गुरुजी जन्मभर लिहीतच राहिले, आणि त्यांच्या लेखनाचा मोठा भाग मुलांसाठी आहे. ‘गोड गोष्टी’ या नावाने त्यांनी लहान लहान पुस्तकांची एक मालाच काढली. जगातल्या मोठ्या कादंबऱ्या आणि काव्ये घ्यावयाची, त्यांना मराठी नावे, मराठी गाव, मराठी अंगण द्यावयाचे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगावयाची, ही त्यांची रीत. व्हिक्टर ह्यूगोच्या थोर कादंबरीचे ‘दुःखी’ झाले. टेनिसनच्या ‘एनॉक आर्डन’ या काव्यातून ‘तीन मुले’ आली. समुद्रकाठी एकत्र खेळणारी मंगा, बुधा आणि मधुरी ही तीन मुले मोठी होतात आणि बालपणची मैत्री मोठेपणी केवढी किंमत मागते, हे त्यात पाहावयास मिळते. ‘मिरी’मध्ये रस्त्यावरचे दिवे लावणारा एक गरीब म्हातारा एका अनाथ मुलीला घरी नेतो. रक्ताचे नाते नसताना घर कसे होते, हे ज्या मुलाला एकदा कळले ते पुढे शेजाऱ्याला परके मानील असे मला वाटत नाही.

यातील दोन पुस्तकांविषयी आपल्याला मुद्दाम सांगितले पाहिजे. एक ‘मनूबाबा’. हे जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेच्या ‘सायलस मार्नर’ कादंबरीवरून घेतले आहे. मनूबाबा विणकर आहे. मित्राने दगा दिल्यामुळे माणसांतून उठून गेलेला, दिवसभर मागावर बसणारा आणि रात्री साठवलेल्या मोहरा मोजणारा. एके रात्री त्याचे धन चोरीस जाते. मग एक दिवस एक इवलीशी मुलगी रांगत रांगत त्याच्या झोपडीत येते, आणि हा माणूस पुन्हा माणसांत येतो. मोमिनपुऱ्यातील मोमिन विणकर आणि नागपुरातील कोष्टी यांची कित्येक घरे एकेकाळी या मागावरच जगली. धोटा हाताला कसा लागतो, ताणा कसा तुटतो आणि पाठ कशी वाकते, हे आपल्या मुलांच्या आजोबांना ठाऊक होते. एका मुलाने मला येऊन सांगितले की मनूबाबा हा त्याच्या दादांसारखाच आहे, फक्त दादांजवळ मोहरा कधीच नव्हत्या.

दुसरे पुस्तक ‘सोराब नि रुस्तुम’. फिरदौसीच्या शाहनाम्यातली ही कथा आपल्या वडीलधाऱ्यांनी उर्दूत वाचलेली किंवा ऐकलेली असेल. बाप मुलाला ओळखत नाही, आणि रणांगणात त्याच्याच हातून मुलाचा घात होतो. पालगडच्या मुलाने ती इराणी कथा मराठी मुलांना दिली.

आणि ओघानेच सांगावयाचे म्हणजे, ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्या याच लेखकाने ‘इस्लामी संस्कृती’ या नावाने पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांचे चरित्रही मोठ्या आदराने लिहिले. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. शेजाऱ्याच्या घरातील चांगले काय, ते आपण होऊन जाणून घ्यावे, ही आईने दिलेली सवय ते मोठेपणीही पाळीत होते. आपण आपल्या शेजाऱ्यांविषयी तितके वाचतो का, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारून येथे सोडून देतो.

स्तुतीच करीत गेलो तर हे चरित्र खोटे होईल. गुरुजींच्या पुस्तकांत दोष आहेत. गोष्ट रंगात आलेली असता ते मध्येच थांबून उपदेश करू लागतात, आणि मुले ती पाने उलटतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. डोळ्यांतले पाणी जरा अधिकच आहे. नायक बहुधा मुलगे आहेत. मुलीने घराबाहेर पडून धडपडावे, असे प्रसंग थोडे. आई सोसते आणि सोसणे म्हणजेच थोरपण, असा समज एखाद्या मुलीचा होऊ शकेल. त्या वेळी शिक्षिकेने दोन शब्द बोलणे अवश्य आहे. पण एक गोष्ट त्यांच्यात कधीच आढळत नाही. ते मुलाला फसवीत नाहीत. श्याम भितो, खोटे बोलतो, हट्ट करतो, आईला दुखवतो, आणि हे सर्व लेखक स्वतःच्या नावावर घेतो. मोठी माणसे आपल्या लहानपणाविषयी मुलांना सांगतात ते बहुधा आपण किती शहाणे होतो, एवढेच. हा एक माणूस असा निघाला की ज्याने आपण किती चुकलो ते सांगितले.

सार्वजनिक जीवनातील त्यांची कामे तर प्रसिद्धच आहेत. ती थोडक्यात सांगतो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, खानदेशातील फैजपूरला भरले, त्यासाठी ते गावोगाव राबले. शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्यासाठी १९३८ साली त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालविले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत झाले, पकडले गेले. स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा त्यांना एक गोष्ट सलत होती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना बंद होते. महाराष्ट्रभर हिंडून, बोलून झाल्यावर मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपूरला उपोषण आरंभिले, आणि अखेर ते दार उघडले. लहानपणी एका अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर लाकडाची मोळी चढवून देण्यास आईने त्यांना पाठविले होते. त्या मोळीचे वजन तीस-पस्तीस वर्षांनी पंढरपुरात पोहोचले, असे मी माझ्या वर्गात सांगतो.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारणारा महाराष्ट्रातला होता, हे गुरुजींना सोसवेना. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते साप्ताहिक त्यांच्यामागे आजपर्यंत चालू आहे. त्यांच्या मनात आणखी एक योजना होती, ‘आंतरभारती’. निरनिराळ्या प्रांतांतल्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, असे त्यांना वाटे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकताना रुजलेले ते बी असावे. आपल्या इतवारीत एका गल्लीत मराठी, उर्दू, हिंदी आणि गुजराती ऐकू येते. आपल्याला ही योजना कागदावरची वाटणार नाही.

पण स्वातंत्र्यानंतर ते आतून खचत चालले होते. फाळणीतला रक्तपात, गांधीजींचा खून, सोबत्यांची सत्तेसाठी ओढाताण, मनातल्या योजना पैशावाचून अडलेल्या. ज्या मनाला मित्राचा अबोला सहन होत नव्हता त्याला देशाची ही भांडणे कशी सोसावीत? या शेवटच्या काळात ते ‘साधना’तून आपली पुतणी सुधा हिला पत्रे लिहीत होते. ती पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपाने आली. फुले, पक्षी, प्रवास, थोर माणसे, देशातल्या घडामोडी, असे सर्व त्यांत आहे. ती वाचून कोणालाही वाटेल की लिहिणारा आनंदात आहे.

११ जून १९५० रोजी मुंबईत साने गुरुजींनी आपल्या हातांनी आपले जीवन संपविले. वय अवघे पन्नास वर्षांचे.

वाचकहो, हा मजकूर मी गाळणार होतो. मुलांच्या हाती जाणारी ही स्मरणिका. तीत हे असावे की नसावे, याचा मी पुष्कळ विचार केला. पण मुले हा प्रश्न विचारतातच. एका मुलीने मला विचारले होते, की सर्वांना धीर देणाऱ्या माणसाला धीर द्यायला कोणीच कसे नव्हते. मी तिला एवढेच सांगितले की माणसे होती. जीव लावणारे पुष्कळ होते. गुरुजींनी आपले दुःख त्यांना पुरतेपणी सांगितले नाही, आणि त्यात त्यांची चूक झाली. हे मी त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. जे मूल आतल्या आत कुढत असेल त्याने कोणाशी तरी बोलावे, आपल्या अम्मीशी, मित्राशी, शिक्षकाशी. आमच्या खोलीचे दार त्यासाठी उघडे असते.

त्यांच्यामागे तीन वर्षांनी, १९५३ साली, आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला. आईचे काम वनमाला यांनी केले आणि श्यामचे माधव वझे यांनी. चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. अलीकडे २०२३ साली याच पुस्तकावर पुन्हा एकदा चित्रपट आला.

आता किराणा ओळीतल्या त्या गृहस्थांचे सांगावयाचे राहिले. त्यांनी मुलाचे वाचन बंद केले नाही, एवढे खरे. दुकानात मात्र पुस्तक आणावयाचे नाही, असा नियम घातला, आणि तो मला रास्त वाटतो. मुलाने नंतर ‘मनूबाबा’ नेले. ते त्याने आठवडाभर उशिरा परत केले, म्हणून मी त्याला कारण विचारले. घरी रात्री जेवणे झाल्यावर तो ते अम्मीला वाचून दाखवीत होता. तिला मराठी कळते, पण अक्षरे वाचता येत नाहीत. एका रात्रीत दोन-तीन पानेच होत, कारण दुकान बंद करून अब्बा घरी आले की तेही दाराशी बसून ऐकत आणि मागचे काय झाले ते पुन्हा सांगावयास लावीत. दंड मी घेतला नाही. ‘सोराब नि रुस्तुम’ त्याच दिवशी त्याच्या नावावर मांडले आहे.